नवऱ्याला शेकडा दीड रुपयाने

शेवंताअक्का रेकॉर्डरूममध्ये जुन्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यावर बसल्या होत्या आणि त्यांचे यजमान भिकननाना माझ्या टेबलासमोर. मध्ये प्लायवूडचं एक पार्टिशन. अक्का आत आहेत हे नानांना माहीत नव्हतं. नाना आले आहेत हे अक्कांना माहीत होतं, म्हणूनच तर त्या घाईघाईने आत गेल्या होत्या. मला दोघांचंही सगळं माहीत होतं. पण नोकरीच्या नियमाप्रमाणे मला काहीच माहीत नव्हतं.

"मॅडम, एफडी मोडायची आहे," नाना म्हणाले. "पूर्ण. आजच्या आज."

पार्टिशनपलीकडे एक गठ्ठा खाली पडल्याचा आवाज आला.

"उंदीर फार झालेत," मी म्हटलं.

ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. भडगाव तालुक्यात, गिरणेकाठच्या एका गावात आमच्या बँकेची शाखा होती. मी तिथे ऑफिसर. घर धुळ्याला. आठवडाभर भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एसटीने धुळ्याला जायचे. शाखेत बाई मी एकटीच, त्यामुळे गावातल्या बायका थेट माझ्या टेबलाशी यायच्या. बायका येतात म्हणून पुरुषही माझ्याकडेच यायला लागले, कारण बायकोच्या कानावर काय जाऊ द्यायचं नाही हे बाईमाणसालाच नीट कळेल असा त्यांचा समज होता.

बँकेत रुजू होताना एका कागदावर सही घेतात. गुप्ततेची. एका ग्राहकाच्या खात्याची माहिती दुसऱ्याला सांगायची नाही. दुसरा म्हणजे शेजारीपाजारी असं आम्हा नवख्यांना वाटायचं. ट्रेनिंगमध्ये सरांनी बजावलं होतं, की नवरा म्हणजेसुद्धा दुसराच आणि बायको म्हणजेसुद्धा दुसरीच. तेव्हा आम्ही हसलो होतो.

आता या दोघांचं सांगते.

अक्कांच्या तीन म्हशी होत्या. घरचं भागवून उरलेलं दूध डेअरीत जायचं. डेअरीचा पगार दर दहा दिवसांनी. त्यातले अर्धे त्या घरात द्यायच्या आणि अर्धे बँकेत आणायच्या, चोळीत घामेजलेल्या घडीच्या नोटा. असे नऊ वर्षांत चौदा हजार झाले होते. त्याची मी फिक्स्ड डिपॉझिट करून दिली होती. फिक्स्ड डिपॉझिट म्हणजे मुदत ठेव. पैसे ठरावीक वर्षं हलवायचे नाहीत, बदल्यात व्याज जास्त. मुदतीआधी काढले तर त्याला एफडी मोडणं म्हणतात आणि बँक थोडं व्याज कापून घेते. पावती अक्का घरी न्यायला तयार नव्हत्या. ती माझ्या ड्रॉवरमध्ये राहायची, जे नियमात बसत नव्हतं.

"घरात कळालं तर राहणार नाहीत," त्या म्हणाल्या होत्या. "आमचे मालक कोणाला नाही म्हणत नाहीत. पुतण्याला बैल, आखाड्याला गदा, भंडाऱ्याला साखर. पैसा दिसला की गेला."

नानांची एफडी अठरा हजारांची. दोन सालांपूर्वी सरकारी खरेदीला घातलेल्या कापसाचा दुसरा हप्ता आला तो नानांनी परस्पर माझ्याकडे आणला आणि घरी सांगितलं, हप्ता अजून आला नाही. तीही पावती माझ्याच ड्रॉवरमध्ये.

"घरात कळालं तर राहणार नाहीत," नानाही म्हणाले होते. अगदी याच शब्दांत. "बाई मानूस. सोनं मागेल."

बावीस वर्षांच्या संसारात अक्कांनी सोनं मागितलेलं नव्हतं. पण मागितलं तर काय, या धास्तीने नानांनी व्यवस्था करून ठेवली होती.

आदल्या वर्षी उन्हाळ्यात नानांची विहिरीवरची मोटार जळाली. केळीची बाग उभी. नवी मोटार आणि पाइप मिळून दहा हजार लागणार होते. नानांकडे ठेव होती, पण ती मोडली तर घरात विचारतील, हे कुठून आले. उसने आणले तर कोणी काही विचारत नाही. म्हणून नानांनी घरी तोंड पाडून सांगितलं, पैसे नाहीत.

अक्कांकडेही ठेव होती. त्यांनी सरळ दिले असते तर त्यांनाही तोच प्रश्न आला असता.

त्या माझ्याकडे आल्या. मी सल्ला दिला, आणि इथे माझीही चूक मान्य करते. म्हटलं, "अक्का, एफडी मोडू नका. तिच्यावर कर्ज घ्या. तुमच्याच ठेवीच्या तारणावर बँक दहा हजार देईल, व्याज वर्षाला बारा टक्के." अक्कांनी मान डोलावली आणि पुढचं सगळं स्वतःच्या डोक्याने केलं.

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, दिवाळीहून मोठी. लग्न झालेल्या मुली माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. अक्कांचं माहेर अमळनेरकडचं. त्या आखाजीला बँकेचे दहा हजार कपड्यांच्या घडीत घालून माहेरी गेल्या आणि चार दिवसांनी तेच दहा हजार घेऊन परत आल्या. नानांना सांगितलं, माझ्या भावाने दिलेत. आधारभाऊने. शेकडा दीड रुपया महिना व्याजाने.

"अक्का, व्याज कशाला लावलं?" मी विचारलं होतं.

"फुकट दिले की माणूस विसरतो, मॅडम. व्याज असलं की रोज आठवण राहते."

म्हणजे हिशेब असा झाला. नानांनी दर तीन महिन्यांनी व्याजाचे साडेचारशे रुपये अक्कांच्या हातात द्यायचे, मेहुण्याला पाठवायला. अक्का त्यातले तीनशे आमच्या बँकेचं व्याज म्हणून भरायच्या. पन्नास आधारभाऊला, नाव वापरू दिल्याबद्दल. शंभर स्वतःला. आमच्या हेड ऑफिसलाही इतकं मार्जिन सुटत नव्हतं.

आता नाना हे साडेचारशे कुठून आणायचे? त्यांच्या अठरा हजारांवर तिमाही व्याज बरोबर साडेचारशेच यायचं. ते माझ्याकडे येऊन ते व्याज उचलायचे, घरी जाऊन अक्कांना द्यायचे. दोन-तीन दिवसांनी अक्का यायच्या आणि त्यातले तीनशे भरायच्या.

आमचे कॅशिअर बोरसे फार बारीक नजरेचे. नोटांची गड्डी मोजली की वरच्या नोटेच्या पांढऱ्या भागावर जांभळ्या शाईने आकडा टाकायची त्यांना सवय होती. एका गुरुवारी ते एक नोट घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, ही नोट मी सोमवारी नानांना दिली. आज अक्कांनी भरली. मागच्या तिमाहीलाही असंच झालं होतं."

"गाव लहान आहे, बोरसे."

"इतकं लहान?"

मी नोट त्यांना परत दिली. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट फिरत होती. आमच्या शाखेतून निघालेला पैसा नानांच्या ओसरीवरून एक चक्कर मारून आमच्याच शाखेत परत येतोय, आणि त्या चकरेत केळीला पाणी मिळतंय, बँकेला व्याज मिळतंय, अक्कांना शंभर रुपये मिळताहेत. कोणाचंच काही बिघडत नव्हतं. मग मी कशाला तोंड उघडू?

बिघडलं ते आधारभाऊमुळे.

माणसाला वर्षभर सावकार म्हणून वागवलं तर तो सावकार होतो. नाना अमळनेरला गेले की आधारभाऊसमोर थोडं वाकून बसायचे. चहा आधी त्याला. हळूहळू आधारभाऊलाच वाटायला लागलं की पैसे आपले आहेत. त्याने बहिणीकडे पन्नासाचे शंभर मागितले. अक्कांनी चिडून पन्नासही बंद केले. मग माघात अक्कांच्या माहेरच्या एका लग्नात, भर पंगतीत, जावयाच्या पानात लाडू वाढता वाढता आधारभाऊ मोठ्याने म्हणाला, "नाना, या तिमाहीचं राहिलं बरं का. आणि आखाजीपासून शेकडा दोन रुपये."

पंगतीत जावयाला लोक आग्रह करतात. नानांना आग्रहाऐवजी तगादा मिळाला. नाना पान तसंच टाकून उठले, असं मला नंतर दोघांनीही वेगवेगळं सांगितलं. नाना रागाने, अक्का डोळ्यांत पाणी आणून. बायकोच्या माहेरच्या पंगतीतून उपाशी उठलेला नवरा पाहणं सोपं नसतं. त्यातून त्याचं कारण आपणच आहोत हे माहीत असलं तर आणखीच.

आता आखाजी आठ दिवसांवर आली होती. अक्का त्या दिवशी माझ्याकडे आल्या त्या हेच विचारायला, की आधारला बाजूला कसं काढायचं. दोन वाक्यं बोलल्या नाहीत तोच खिडकीतून नानांची सायकल दिसली. मी काही सुचवायच्या आत त्या रेकॉर्डरूममध्ये शिरल्या. मी दार ओढून घेतलं.

तर नाना समोर बसले होते. "मोडायचीच," ते म्हणाले. "मेहुण्याचे दहा हजार त्याच्या तोंडावर टाकतो आणि मगच आखाजीचे मांडे खातो."

"रोख नेणार?"

"नाही. ड्राफ्ट करून द्या. आधारच्या नावाने. उद्या म्हणायला नको, मिळाले नाहीत."

ड्राफ्ट म्हणजे बँकेनेच काढलेली हुंडी. ज्याचं नाव त्यावर असेल त्याच्याच खात्यात पैसे जातात, दुसऱ्या कोणाच्या नाही. नानांना वाटत होतं, याहून चोख व्यवहार नाही. मला मात्र पुढचं दिसत होतं. हा ड्राफ्ट निघाला की अक्कांचे दहा हजार आधारभाऊच्या अमळनेरच्या खात्यात जाणार. पंगतीत तगादा करणारा माणूस ते परत करील? अक्कांकडे चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. असलेला एकच साक्षीदार मी, आणि माझ्या तोंडाला गुप्ततेचं कुलूप. शिवाय बँकेचं कर्ज अक्कांच्या नावावर तसंच. ते त्यांच्या एफडीतून वळतं होणार. नऊ वर्षांचं दूध गेलं असतं.

मी वेळ काढायला सुरुवात केली. "नाना, मुदतीआधी मोडली तर व्याज कापतात."

"कापा."

"फॉर्म लागेल."

"द्या."

"फॉर्म संपलेत."

"तो काय तुमच्या हाताखाली."

तेवढ्यात आमचे मॅनेजर चौबळसाहेब केबिनमधून बाहेर आले. मूळचे नाशिकचे. डिपॉझिट वाढवण्याचं टार्गेट त्यांच्या डोक्यावर कायम असायचं, आणि एफडी मोडायचा शब्द त्यांना बंद काचेतून ऐकू जायचा.

"नाना, मोडता कशाला?" ते खुर्ची ओढून बसले. "तुमच्या एफडीवर कर्ज घ्या. दहा हजार. मेहुण्याचे फेडा. आमचं व्याज फक्त बारा टक्के, त्याचं अठरा."

म्हणजे नवऱ्याने स्वतःच्या ठेवीवर कर्ज काढायचं, ते मेहुण्याला द्यायचं, का, तर बायकोने तिच्या ठेवीवर काढलेलं कर्ज फिटावं म्हणून. आणि ते तिच्यापर्यंत पोचणारच नव्हतं. साहेबांना अर्थातच हे माहीत नव्हतं.

नाना ऐकेनात. "कर्ज नको. कर्जाने भर पंगतीतून उठवलं मला."

साहेब सुस्कारा सोडून म्हणाले, "ठीक. मॅडम, यांच्या पहिल्या सहीचं जुनं रजिस्टर काढा, सही पडताळून घ्या."

"नंतर काढते, सर."

"कुठे आहे?"

"रेकॉर्डरूममध्ये. पण तिथे उंदीर आहेत."

"उंदराला काय भ्यायचं?" म्हणत ते स्वतःच उठले. मी डोळे मिटले. दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. मग दार लागल्याचा आवाज. साहेब परत आले. चष्मा काढून पुसला.

"रजिस्टर मिळत नाही," ते म्हणाले.

मग मला केबिनच्या दारापाशी बोलावून हळूच विचारलं, "त्या बाई कोण आहेत?"

"एफडी होल्डर, सर."

"आत का बसल्यात?"

"गुप्तता, सर."

साहेबांनी नानांकडे पाहिलं, पार्टिशनकडे पाहिलं. हुशार माणूस. तीस सेकंदांत त्यांना निम्मं समजलं आणि उरलेलं समजून घ्यायची इच्छा राहिली नाही. "सही जुळते," ते मोठ्याने म्हणाले आणि केबिनमध्ये जाऊन बसले.

आता माझ्याकडे सबब उरली नाही. मी ड्राफ्टचा अर्ज पुढे घेतला आणि जमेल तितक्या मोठ्या आवाजात, पार्टिशनकडे तोंड करून वाचला. "रक्कम रुपये दहा हजार. कोणाच्या नावे? आधार! बरोबर? अमळनेर शाखा. खात्यात जमा. एकदा त्याच्या हाती गेला की रद्द करायला त्याचीच सही लागेल बरं का, नाना!"

"मला नीट ऐकू येतं, मॅडम," नाना म्हणाले.

ज्यांना ऐकू यायला हवं होतं त्यांना आलं. रेकॉर्डरूमचं दार उघडलं. अक्का बाहेर आल्या. डोक्यावरच्या पदराला जाळी लागलेली, कपाळाच्या कुंकवावर धूळ. चैत्रातल्या दुपारी त्या पत्र्याखालच्या खोलीत पाऊण तास बसल्याने चेहरा लालबुंद.

"मॅडम, तो कागद फाडून टाका," त्या म्हणाल्या.

नाना खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. ऑफिसात आमच्याशी ही माणसं शुद्ध बोलायची. आता एकमेकांशी घरचं बोलणं, अहिराणी, सुरू झालं.

"तू आठे काय करी राह्यनी?"

"तुम्ही काय करी राह्यनात?"

"मी आधारना पैसा फेडी राह्यनू."

"त्या पैसा आधारना नहीत. मना शेतस."

पैसे बायकोचे, हे ऐकून नाना खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायला निघाला होता. तो पोचायच्या आत अक्कांनी दुसरा प्रश्न टाकला. "आनि ह्या अठरा हजार कथाईन ऊनात?"

कुठून आले, या प्रश्नाने राग वाटेतच थांबला. नाना माझ्याकडे बघायला लागले, जणू उत्तर माझ्या टेबलावर आहे. मी पेनला टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"कापूसना शेतस," शेवटी ते म्हणाले.

"कापूसना हप्ता ऊना नही, आसं सांगेल व्हतं तुम्ही."

 काउंटरपलीकडे बोरसे एकच गड्डी तिसऱ्यांदा मोजत होते. एकीकडे चौदा हजारांची लपवाछपवी, दुसरीकडे अठरा हजारांची. आवाज कोणी आणि कुठल्या तोंडाने चढवायचा? मी दोघांना शेजारीशेजारी बसवलं, पाणी दिलं आणि अक्कांना विचारलं, "तुमचं खातं यांना दाखवू?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी नानांनाही विचारलं. त्यांनीही हलवली. मग मी लेजर, म्हणजे खात्यांची मोठी वही, उघडून दोघांचीही पानं समोर ठेवली. नियमाने वागले, हे इथे नमूद करते.

नानांनी बोट ठेवत ठेवत पाहिलं. म्हशीच्या दुधाचे पैसे नऊ वर्षं थोडेथोडे कसे आले. दहा हजार कधी निघाले. व्याज तीनशे, तीनशे, तीनशे.

"तीनशे?" ते म्हणाले. "मी साडेचारशे देस."

"शंभर मना," अक्का म्हणाल्या. आवाजात लाज नव्हती. "पन्नास आधारना."

मला वाटलं, आता मात्र भडका उडणार. बायकोने वर्षभर नवऱ्याकडून व्याज खाल्लं होतं. पण नानांच्या डोक्यात ते शंभर शिरलेच नाहीत. ते पन्नासवर अडकले.

"आधारले कसाना पन्नास?"

"नावना."

"नुसता नावना?" नाना माझ्याकडे वळले आणि शुद्धीवर आले. "मॅडम, यात त्याचा एक रुपया नव्हता? एक पण? आणि मी त्याच्यासमोर मान खाली घालून बसत होतो?"

"बँकेच्या नोंदीत त्यांचं नावच नाही, नाना."

नाना बराच वेळ आधारभाऊविषयी बोलले. ते इथे देत नाही. अक्का भावाची बाजू घेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त दोन ठिकाणी भर घातली. अर्ध्या तासात नवरा-बायको दोघंही एका बाजूला आणि आधारभाऊ दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी होऊन गेली. तो बिचारा अमळनेरला होता, त्याला पत्ताही नव्हता.

मग काम झालं. नानांची एफडी मोडली. त्यातले दहा हजार अक्कांच्या कर्जखात्यात वळते केले, कर्ज बंद. अक्कांची चौदा हजारांची पावती मोकळी झाली. नानांनी अक्कांना द्यायचं या तिमाहीचं व्याज राहिलं होतं. नाना म्हणाले, आता कसलं व्याज, घरातलेच पैसे. अक्का नुसतं त्यांच्याकडे बघत राहिल्या. नानांनी साडेचारशे मोजून दिले.

साहेब बाहेर आले. आठ हजार अजून वाचवता येतील असं त्यांना दिसत होतं. "असं करू," ते उत्साहाने म्हणाले, "सगळं दोघांच्या नावावर करू. जॉइंट. आयदर ऑर सर्व्हायव्हर. म्हणजे दोघांपैकी कोणीही एकाने सही केली तरी पैसे निघतील."

"नको," दोघं एकदमच म्हणाले.

बावीस वर्षांत त्यांचं इतकं पटकन एकमत झालेलं नसावं.

कर्ज बंद केल्याच्या कागदावर अक्कांची सही लागणार होती. मी खूण करून दिली, तिथे त्यांनी पेन घट्ट धरून हळूहळू पूर्ण नाव लिहिलं. शेवंताबाई, मग नवऱ्याचं नाव, मग पाटील. नाना वाकून बघत होते. त्यांना वाटत होतं, अंगठा उमटवेल.

"कधी शिकनी?"

"रेखा दुसरीमा व्हती तव्हय. तिनासंगे."

रेखा त्यांची मुलगी, ती आता दहावीला होती. म्हणजे आठ वर्षं झाली होती. नानांनी तो कागद उचलला, खिडकीच्या उजेडात धरला. लपवलेले पैसे सापडले तेव्हा त्यांचा चेहरा जितका पडला नव्हता तितका आता पडला. मला त्यांची दया आली, खरंच आली.

"मनी सहीपेक्षा बरी शे," ते म्हणाले. मग कागद खाली ठेवून पैसे साठवण्याचं कारण विचारलं, "येवढा पैसा कसाले जमाडात?"

"न्हाणीले," अक्का म्हणाल्या. "पक्की. दरवाजावाली."

त्यांच्या घरी न्हाणी म्हणजे मागच्या भिंतीशी दोन फरशा आणि तीन बाजूंना गोणपाट, असं मला त्यांनी कधीतरी सांगितलं होतं. बावीस वर्षं ही बाई उजाडायच्या आत, गडी यायच्या आत, अंगावर लुगडं ठेवून अंघोळ करत होती.

"माले का नही सांगं?" नाना म्हणाले.

"दरसाल सांगेल शे."

ते खरं असावं. दरसाल विहीर, मोटार, पुतण्याचा बैल पुढे यायचा आणि न्हाणी पुढच्या सालावर जायची.

जाताना नानांनी सायकल हातात धरली आणि अक्का मागून चालत गेल्या. बोरसे खिडकीतून बघत होते. "मॅडम, ते साडेचारशे उद्या परत येतील बघा," ते म्हणाले. नाही आले.

आखाजीला नाना अमळनेरला गेले. मांडे खाल्ले, आमरस खाल्ला. आधारभाऊने व्याजाचा विषय काढलाच. नाना म्हणाले, "तुनी बहीणले इचार." बहिणीने काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही, पण आधारभाऊने त्या दिवशी नानांना चार मांडे जास्त वाढले.

आमच्या साहेबांनी दुसऱ्याच दिवशी रेकॉर्डरूमवर पाटी लावली, स्टाफशिवाय कोणी आत जाऊ नये. आणि आत एक स्टूल ठेवलं. स्टूल कशाला, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या वर्षभरात त्या स्टुलावर तीन बायका आणि एक पुरुष बसून गेले.

पुढच्या हिवाळ्यात अक्कांनी मला न्हाणी बघायला घरी नेलं. विटांची, सिमेंटची, वर टाकी, हिरव्या रंगाचं लाकडी दार. नाना ओसरीवर बसून होते. बांधताना गवंड्यावर त्यांनीच देखरेख केली होती, पैसे अक्कांनी दिले होते. उरलेल्या पैशांची एफडी माझ्याकडे होती. नानांना त्यावर कर्ज हवं होतं, असं ते तक्रारीच्या सुरात म्हणाले, पण आता अक्का जामीनदार मागत होत्या.

अक्का आत गेल्या, दार लावलं, आतून कडी घातली. बाहेर मी आणि दोन कोंबड्या.

"मॅडम," आतून आवाज आला, "दिसस का काही?"

"काहीच दिसत नाही, अक्का."

"नीट दखा."

मी फटीला डोळा लावून पाहिलं. "काहीच नाही."

आतून हसण्याचा आवाज आला. त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आत नुसत्याच उभ्या असाव्यात.

मी बँकेत तीस वर्षं काढली. नवरा-बायको एकमेकांपासून पैसे लपवतात ते एकमेकांसाठीच, असं लिहायला मला आवडलं असतं. वाचायला बरं वाटतं. पण अक्कांनी न्हाणी स्वतःसाठी बांधली आणि त्यात मला काही चूक दिसली नाही. मी स्वतः पगाराचं पाकीट दर महिन्याला धुळ्याला नेऊन आमच्या यांच्या हातात देत होते. हे त्यावर पेन्सिलने खर्च लिहायचे आणि मला एसटीचे पैसे काढून द्यायचे. ती न्हाणी बघून परत आले त्या आठवड्यात मी माझ्याच शाखेत पन्नास रुपयांची आरडी उघडली. आरडी म्हणजे दर महिन्याला थोडेथोडे भरत जायची ठेव. ती पिकली, तिची एफडी झाली, एफडीची पुन्हा एफडी झाली. हे यांना आजवर माहीत नव्हतं.

हे आता हा लेख वाचतीलच. म्हणून इथेच सांगून ठेवते, पावती पिठाच्या डब्यात शोधू नये. तिथून ती मी कालच हलवली आहे.